चहाचा कप, संकष्टीचं ताट आणि पहाटे 3 ची जाग

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय 38, शाळेत शिक्षिका. अर्धशिशी विशीपासूनच आहे, पण गेली चार वर्षं महिन्यातले अठरा-वीस दिवस डोकं धरलेलं असतं. रात्री डोळा लागतो, पण पहाटे 3 ला टक्क जाग येते. मग 5 पर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर, आणि गजर व्हायच्या आत कपाळाची एक बाजू ठणकायला लागलेली असते. कुणीकुणी सांगितलं म्हणून दही, केळं, टोमॅटो, शेंगदाणे, चॉकलेट, आंबवलेलं सगळं सोडलंत. वजन चार किलो उतरलं, डोकं होतं तिथंच आहे. आणि तुम्ही विचारलंय की खाण्याचा झोपेशी आणि झोपेचा डोक्याशी खरंच काही संबंध आहे, की हे सगळं ‘पित्त’च?

संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. फक्त तुम्ही ज्या यादीत तो शोधताय तिथं तो फारसा नाही. वीसेक वर्षं मी डोकेदुखीचेच रुग्ण बघतो. काय खाल्लं हे विचारायला मी पूर्वी दहा मिनिटं घालवायचो, आता दोन घालवतो. उरलेली आठ मिनिटं जातात ती कधी खाल्लं, किती तास पोट रिकामं होतं, चहा कितीदा आणि शेवटचा किती वाजता, हे विचारण्यात. जुनाट अर्धशिशीत खाणं डोक्यापर्यंत पोचतं ते बरेचदा झोपेच्या वाटेनं, असं माझं मत झालं आहे.

‘जुनाट’ म्हणजे आम्ही क्रॉनिक मायग्रेन म्हणतो ते. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले निदान 8 दिवस दुखणं अर्धशिशीच्या वळणाचं असतं, आणि हे 3 महिन्यांहून जास्त काळ चाललेलं असतं. तुम्ही त्यात बसता. या टप्प्यावर मेंदू इतका हळवा झालेला असतो की दुसऱ्याला जे खपतं ते तुम्हाला खपत नाही. जेवण दीड तास लांबलं, झोप दोन तास कमी झाली, एवढंच कशाला, रविवारी दोन तास जास्त झोपलात तरी डोकं धरतं.

आधी पित्ताचं बघू, कारण आपल्याकडे निम्मे रुग्ण त्या शब्दापाशी अडकलेले असतात. डोकं धरलं, मळमळलं, कडू-हिरवं पडलं, मग जरा बरं वाटलं. माणूस साहजिकच म्हणणार की पित्त पडलं, डोकं उतरलं. मग वर्षानुवर्षं मोरावळा, कोकमाचं सार, नाहीतर सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी. प्रत्यक्षात होतं उलटं. अर्धशिशीचा झटका सुरू झाला की जठराची हालचाल मंदावते, अन्न पुढे सरकत नाही. दुपारी 12 ला खाल्लेली पोळी-भाजी रात्रीच्या उलटीत जशीच्या तशी दिसली, असं रुग्ण सांगतात ते खरं असतं. याच कारणानं झटका रंगात आल्यावर घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते. पोट बिघडवतं ते डोकं. (मात्र दुखतंय म्हणून महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांच्या जठराला खरोखरच सूज येते. त्यांची जळजळ खोटी नसते, ती गोळ्यांची असते.)

आता तुमची वर्ज्य पदार्थांची यादी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढाही नसलेला भाग आहे. भूक, तहान, शरीराचं तापमान, झोप-जागेचं घड्याळ, या सगळ्यांचा कारभार त्याच्याकडे. 2016 साली हॅम्बुर्गच्या शुल्टे आणि माय या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या मेंदूचा महिनाभर रोज एमआरआय काढला. झटका येण्याच्या आदल्या दिवसातच हायपोथॅलॅमसचं वागणं बदललेलं दिसलं. म्हणजे डोकं दुखायला लागतं तेव्हा झटका सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो. त्या आधीच्या तासांत जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, आणि काही जणांना गोड खाण्याची अनावर इच्छा होते. आता संध्याकाळी 6 ला तुम्ही चॉकलेट खाल्लंत आणि 9 ला डोकं धरलं, तर दोष कुणाला? तुम्ही चॉकलेटला दिलात. पण चॉकलेट खावंसं वाटलं हाच त्या झटक्याचा पहिला भाग असू शकतो.

भूक आणि जाग यांचं हे नातं अगदी रसायनापर्यंत जातं. हायपोथॅलॅमसमधलं ओरेक्सिन नावाचं रसायन 1998 मध्ये सापडलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं ते भुकेच्या ग्रीक शब्दावरून. पुढे कळलं की माणसाला जागं ठेवण्याचं मोठं काम तेच करतं. त्याला अडवणारं एक औषध अर्धशिशीवर वापरून पाहिलं गेलं. नाही चाललं. इतकं सरळ ते नाही.

तेव्हा दही-केळं परत सुरू करा. आठवड्याला एक पदार्थ, दुपारच्या जेवणात. एखादा पदार्थ दहा वेळा खाल्ल्यावर सात-आठ वेळा चोवीस तासांच्या आत झटका आला, आणि त्या आधीच्या रात्री झोप नीट झालेली होती, तरच त्याच्यावर संशय घ्या. या चाळणीतून फार थोडे पदार्थ आरोपी म्हणून उरतात. दारू उरते, तीही दुहेरी. ती थेट झटका आणते, आणि झोप लवकर लावून उत्तररात्री ती मोडून टाकते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी पेन्सिलीनं खूण केली ती. चहा पहाटे 5 ला, 7:30 ला, शाळेत 11 च्या सुट्टीत, घरी आल्यावर 5 ला, ‘आणि वह्या तपासायला बसले की 9 ला अर्धा कप’.

माझ्या टेबलाच्या खणात एक मोजपात्र असतं. रुग्णाला सांगतो, पुढच्या वेळी घरचा चहाचा कप घेऊन या. तो पाण्यानं भरायचा आणि मोजपात्रात ओतायचा. हसतात लोक. मागे एका काकांचा ‘दिवसातून फक्त तीन कप’ हा हिशोब 260 मिलिलिटरच्या स्टीलच्या मगाचा निघाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलीग्रॅम कॅफिन धरलं आहे, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65, फिल्टर कॉफीत 80 ते 120. दिवसाची मर्यादा 300 मिलीग्रॅम. आपला घरचा चहा पूड घालून खळखळ उकळलेला, म्हणून मी कपाला 45-50 धरतो. तुमचे साडेचार कप म्हणजे दोनशेच्या वर गेलात. डोकं धरलं की तुम्ही मेडिकलमधून जी गोळी आणता, तिच्या पाकिटावर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा. दुकानात सहज मिळणाऱ्या डोकेदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर 50 मिलीग्रॅम किंवा जास्त कॅफिन असतं. अशा दोन घेतल्यात त्या दिवशी तुम्ही तीनशे ओलांडलेत, आणि तेही चहा मोजूनमापून पिणारी बाई म्हणून.

कॅफिन झोपेचं काय करतं? जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, आणि जितकं साठेल तितकी झोपेची ओढ वाढते. कॅफिन त्या ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. ओढ असते, पण पोचत नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन निघून जायला साधारण 5-6 तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर जवळपास दुप्पट. रात्री 9 ला प्यालेल्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे 3 ला तुमच्या रक्तात आहे. 2013 मधल्या एका प्रयोगात झोपायच्या 6 तास आधी 400 मिलीग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाली. तो डोस मोठा होता, आपल्या आठ-नऊ कपांएवढा, पण तो निरोगी माणसांना दिलेला होता, तुमच्यासारख्या हळव्या झालेल्या मेंदूला नव्हे.

आणि याची दुसरी बाजू. रोज दोनशेच्या वर कॅफिन घेणाऱ्याला ते बारा ते चोवीस तास मिळालं नाही की डोकं दुखतं. रविवारी तुम्ही 8 ला उठता आणि चहा साडेआठला घेता, म्हणजे पहाटे 5 चा कप साडेतीन तास लांबला. ‘सुट्टीच्या दिवशी हमखास दुखतं’ असं जे तुम्ही लिहिलंय, त्याचा निम्मा उलगडा यात आहे.

म्हणून चहा बंद करा असं मी सांगत नाही. एकदम बंद केलात तर आठवडाभर डोकं इतकं दुखेल की मला शिव्या द्याल. आधी रात्री 9 चा कप जाईल. तो गेल्यावर पाच-सहा दिवस थांबा, मग संध्याकाळी 5 चा अर्धा करा, आणखी पाच-सहा दिवसांनी तोही जाईल. शेवटी दोन किंवा फार तर तीन कप राहतील, सगळे दुपारी 12 च्या आत आणि रविवारीही त्याच वेळेला. परीक्षेच्या आठवड्यात हे सुरू करू नका. बदली म्हणून ग्रीन टी नको, त्यातही कॅफिन आहे. गवती चहा चालेल, पण तो नुसत्या पातीचा. आपल्याकडे ‘गवती चहा घेते’ म्हणजे नेहमीच्या चहात दोन पाती टाकते असा अर्थ असतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गोळ्यांचं मात्र घरच्या घरी करू नका. मिश्र घटकांच्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 10 किंवा जास्त दिवस घेतल्या, साध्या पॅरासिटामॉलसारख्या 15 किंवा जास्त दिवस घेतल्या, आणि असं 3 महिन्यांवर चाललं, की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. तुम्ही आठवड्यातून तीन-चार दिवस घेता, म्हणजे चौदा-पंधरा. ही साखळी तोडताना झटके रोखणारं रोजचं औषध बरोबर सुरू करावं लागतं. ते तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ठरवायचं. नुसता चहा कमी करून आणि गोळ्या तशाच ठेवून हिशोब जुळणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता रात्रीचं जेवण. तुम्ही लिहिलंय, ‘घरातले सगळे आल्यावर, 10 ला’. ‘सगळ्यांना वाढून झाल्यावर’ हे लिहिलं नाहीत, पण बहुधा तसंच असणार. 11:30 ला आडव्या होता.

2007 मध्ये अमेरिकेत कॅल्हून आणि फोर्ड या दोघींनी जुनाट अर्धशिशी असलेल्या 43 बायकांवर एक छोटा पण माझ्या कामात फार उपयोगी पडलेला प्रयोग केला. निम्म्यांना झोपेच्या पाच सवयी लावल्या, निम्म्यांना तशाच वाटणाऱ्या पण झोपेशी संबंध नसलेल्या. खऱ्या पाच अशा होत्या: रोज ठरलेल्या वेळी अंथरुणावर आणि तिथं 8 तास, अंथरुणात टीव्ही-वाचन-गाणी नाहीत, झोप लवकर लागावी म्हणून डोळे मिटून एखादं दृश्य मनात रंगवणं, दुपारची डुलकी बंद, आणि पाचवी जेवणाची. रात्रीचं जेवण झोपायच्या किमान 4 तास आधी, शेवटच्या 2 तासांत पाणी-पेय बेताचं. खऱ्या सवयी लावलेल्या गटात डोकेदुखीचे दिवस ठळकपणे कमी झाले आणि शेवटपर्यंत जवळपास निम्म्या बायका ‘जुनाट’ या पायरीवरून खाली उतरल्या. पाचांपैकी जेवणाचा वाटा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पण जेवून लगेच आडवं झाल्यावर अन्ननलिकेत आंबट वर येतं आणि झोप वारंवार चाळवते, हे आम्हाला रोज दिसतं. त्यात जठर आधीच मंद असेल तर विचारूच नका.

4 तास आपल्या घरांत अवघड, मी 3 वरही तडजोड करतो. तुम्ही साडेसातला जेवा, बाकीचे 10 ला जेवू देत. एवढं वाक्य लिहायला सोपं आहे, हे मला कळतं. मंडईत गाळा असलेल्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. पहाटे 4 ला उठणार, आणि जेवण मात्र मुलगे आल्यावर 10:30 ला. त्यांना दोनदा सांगून झालं, वाकून नमस्कार करून जायच्या, बदल शून्य. तिसऱ्या वेळी थोरल्या मुलाला आत बोलावलं आणि म्हटलं, आईचं औषध लिहून देतोय, आणून देशील ना? चिठ्ठीवर लिहिलं, ‘भाकरी-उसळ, सायंकाळी 7 वाजता, रोज’. त्यानं ती चिठ्ठी गाळ्यावर वजनकाट्याच्या मागे चिकटवली. गोळ्यांची चिठ्ठी घरात जेवढी पाळली जाते तेवढा डॉक्टरचा तोंडी सल्ला पाळला जात नाही, हे मी मावशींकडून शिकलो.

मात्र एक अडचण यातूनच उभी राहते. साडेसातला जेवलात आणि सकाळी डबे, आवराआवर यात पहिला घास 10 ला घेतलात, तर साडेचौदा तासांचा उपास झाला. पोट 8 तासांहून जास्त रिकामं राहिलं की काहींना त्यानंच डोकेदुखी होते, आणि अर्धशिशी असलेल्यांना तर फारच. डोकं घेऊनच जाग येणाऱ्यांना मी झोपायच्या तासभर आधी चार घास सुचवतो: मूठभर फुटाणे, अर्धी वाटी दही-राजगिरा लाह्या, नाहीतर दोन खजूर आणि पाच-सहा बदाम. पुरं जेवण नव्हे, पोट जड होणार नाही एवढंच. आणि सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. चहा-बिस्किट हे ‘काहीतरी’ नाही.

काय जेवायचं, याचं उत्तर थोडक्यात देतो. न्यूयॉर्कमध्ये 2016 च्या एका अभ्यासात, 26 निरोगी माणसांवर, असं दिसलं की ज्या दिवशी चोथा (फायबर) जास्त पोटात गेला त्या रात्री गाढ झोप जास्त, आणि ज्या दिवशी संपृक्त चरबी व साखर जास्त त्या रात्री झोप हलकी आणि तुटक. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक-वरण हे यात आपोआप बसतं. ‘रात्री भात बंद’ हा हट्ट मात्र मी धरत नाही. एका प्रयोगात झोपायच्या 4 तास आधी भात खाल्लेल्या तरुणांना झोप उलट लवकर लागली. वरण-भात खुशाल खा. टाळायचं ते 10 वाजताचं तळलेलं, मसालेदार, पोटभर.

उपासांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण वय आणि गाव बघता संकष्टी असणारच. माझ्या ओपीडीत संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी गर्दी असते, हे मी नर्सच्या ध्यानात आणून दिलं तेव्हा ती म्हणाली, डॉक्टर, मलाही त्याच दिवशी दुखतं. बघा काय होतं ते. दिवसभर चहावर चहा, दुपारी एक वाटी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यातल्या शेंगदाण्याच्या कुटानं थोडी लाज राखलेली. ती साखर झपकन चढते आणि संध्याकाळी पोट पुन्हा खाली. चंद्रोदय 9-साडेनऊला, मग आरती, नैवेद्य, आणि दिवसभराची भूक 10 ला एकदम भागते. मोदक, तूप, वरण-भात, भजी. 11 ला झोप. एका दिवसात उपास, जास्तीचं कॅफिन, उशिराचं भरपेट जेवण आणि तुटकी झोप, चारही गोष्टी. मोदकाचा यात काहीही दोष नाही.

उपास सोडा असं सांगायचा मला अधिकार नाही आणि तशी गरजही नसते. दर तीन-चार तासांनी थोडं खा: दही-भगर, राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, ताक, फळ, मूठभर शेंगदाणे. संध्याकाळी 6 ला एकदा फराळ करा, म्हणजे चंद्रोदयाला ताटावर तुटून पडणार नाही. चंद्रोदयानंतरचं जेवण निम्मं. निर्जळी एकादशी मात्र जुनाट अर्धशिशीवाल्यांनी करू नये, हे मी ठामपणे सांगतो. रोजे धरणाऱ्या रुग्णांना मी रमजानच्या तीन आठवडे आधीपासून दिवसाचा चहा उतरवायला लावतो आणि सहेरी चुकवू देत नाही. आणि दिवसातून दोनदाच जेवायची जी टूम गावोगाव पोचली आहे, ती वजनासाठी कुणाला लाभत असेल, तुमच्यासाठी नाही.

आता एक गोष्ट जी फारसं कुणी विचारत नाही. रात्री आडव्या झालात की पायांत वळवळ होते का? पोटऱ्या ओढतात, कुणीतरी चेपून द्यावेत असं वाटतं, हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं? बायका हे ‘दिवसभर उभं राहून पाय दुखतात’ म्हणून सोडून देतात. शिक्षिका तर हमखास. याला अस्वस्थ पायांचा विकार म्हणतात, अर्धशिशी असलेल्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि त्याचं एक मोठं कारण शरीरातला लोहाचा साठा कमी असणं. देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय होता, तेव्हा ही शक्यता दूरची नाही. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही, फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा किती हे सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिन 20 आलं तरी ‘नॉर्मल’ छापून येतं. पायांच्या या विकारात 75 पर्यंत असलं तरी आम्ही लोह द्यायचा विचार करतो.

इथं चहा पुन्हा येतो. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, जेवणाच्या आधी-नंतर तासभर तो नको. मेथी, हळीव, कडधान्यं यांच्यावर लिंबू पिळा, लोह जास्त लागतं. आणि झटक्यात उलटी थांबवायला मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन दिलं जातं, त्यानं ही पायांची वळवळ वाढते. अर्धशिशीच्या काही तयार मिश्र गोळ्यांतच प्रोक्लोरपेराझिन असतं. गोळीनं डोकं उतरतं, पाय रात्रभर झोपू देत नाहीत, आणि सकाळी पुन्हा डोकं. पाकिटाची मागची बाजू वाचा म्हटलं ते यासाठीही.

बाकीचं भराभर सांगतो. मासे खात असाल तर बांगडा, तारली, पेडवे आठवड्यातून दोन-तीनदा घ्या, कालवणात, तळून नव्हे. 2021 मध्ये 182 रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या प्रयोगात माशांतली ओमेगा-3 मेदाम्लं वाढवून आणि सूर्यफूल-सोयाबीनसारख्या तेलांतलं लिनोलेइक आम्ल कमी करून महिन्याचे डोकेदुखीचे दिवस सुमारे 4 नी घटले. जवसाची चटणी चांगलीच, पण तिच्यातल्या ओमेगा-3 चं माशातल्या प्रकारात रूपांतर शरीर फार थोडं करतं. मॅग्नेशियम अर्धशिशीत काहींना उपयोगी पडतं. बाजरी, नाचणी, तीळ, भोपळ्याच्या बिया यांतून घ्या. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, जुलाब होतात आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती धोक्याची. ‘झोपेसाठी मॅग्नेशियम’ म्हणून विकलं जातं त्यावर पैसे घालवू नका. आणि झटके रोखायला आत्ता काही औषध चालू असेल तर तेही बघा: फ्लुनारिझिन आणि ॲमिट्रिप्टिलिननं भूक आणि वजन वाढतं, टोपिरामेटनं भूक मरते. तुमचं चार किलो वजन पथ्यानं गेलं की अशा एखाद्या गोळीनं, हे पत्रावरून कळत नाही. घोरणं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी पाहिलं असेल, तर आहाराच्या आधी झोपेची तपासणी.

एक वही करा. पदार्थांची यादी नको. रोज फक्त पाच गोष्टी किती वाजता झाल्या ते लिहा: शेवटचा चहा, रात्रीचं जेवण, दिवे बंद, जाग, सकाळचा पहिला घास. पुढे दुखण्याला शून्य ते दहा गुण, घेतलेली गोळी, आणि पाळीची तारीख. सहा आठवडे. तज्ज्ञाकडे जाताना ही वही न्या, तपासण्यांच्या जाड फायलीपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. मात्र एका क्षणात विजेसारखं आलेलं, आजवरचं सर्वांत तीव्र डोकं दुखलं, किंवा दुखण्याबरोबर ताप, बोलण्यात अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं असं काही झालं, तर वही नाही, थेट इस्पितळ.

शेवटी तुम्ही जायफळाच्या दुधाचं विचारलंय. सासूबाई देतात म्हणता, तर घ्या. पेलाभर दुधातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकानं झोप येते हे काही खरं नाही, तेवढं ते नसतंच. पण ठरलेल्या वेळी, दिवे मंद करून, कुणीतरी हातात दिलेलं कोमट दूध झोपेची वेळ बांधून देतं. झोपायच्या तासभर आधी, अर्धा पेला, जायफळ सहाणेवर दोन वळसे उगाळलेलं. त्याहून जास्त नको. जायफळ पाचेक ग्रॅम पोटात गेलं तर छातीत धडधड आणि भास होतात, आणि एका अख्ख्या जायफळाचं वजन साधारण तेवढंच असतं.